प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून धावणारी वाहने : खेळण्यामागील यंत्रशास्त्र

चेन्नई शहराची ओळख वाहननिर्मितीचे केंद्र अशी आहे. १९४९ साली अशोक मोटर्सने एन्नोर येथे ऑस्टिन मोटारींची जुळणी सुरू केली. ह्युंदाईच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील कारखान्यातून १९९८ मध्ये सँट्रो बाहेर पडली. फोर्डचा मरैमलै नगर येथील कारखाना २०२२ मध्ये बंद झाला, तरी शहराभोवतालचा सुट्या भागांचा उद्योग टिकून आहे. दंतचक्रे, आस आणि स्प्रिंगा यांच्याशी पिढ्यान्पिढ्या संबंध आलेल्या या शहराचा खेळण्यांशीही जुना संबंध आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

टायरनिर्मितीत अग्रगण्य असलेल्या एमआरएफ या कंपनीचा आरंभ १९४६ साली तत्कालीन मद्रासमधील तिरुवोट्टियूर येथे झाला. के. एम. मम्मेन माप्पिलै यांनी तेथील एका शेडमध्ये मुलांसाठी रबरी फुगे तयार करण्यास प्रारंभ केला होता. टायर पुढे, १९६०च्या दशकात आले. याच उद्योगसमूहाने १९८७ साली हॅसब्रो या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी उभी केली. तिचा एक कारखाना गोव्यात खोर्ली येथे, तर दुसरा तमिळनाडूत राणीपेट येथे उभा राहिला. डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या ठोकळ्यांचे भारतातील वितरणही काही वर्षे फनस्कूलकडे होते. योगायोग असा, की लेगो कंपनी स्वतःही टायर बनविते आणि ते इतके, की २०११ मध्ये तिने तयार केलेल्या चिमुकल्या रबरी टायरांची संख्या ३० कोटींहून अधिक असल्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. फुग्यांपासून टायरांकडे गेलेली एक कंपनी आणि खेळण्यांपासून टायरांकडे गेलेली दुसरी!

हे टायर ज्या वाहनांना लागतात, त्यांतील मोटारीवर चालणारी वाहने हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. घर, किल्ला किंवा विमानतळ रचणे आणि स्वतःच्या शक्तीने चढ चढणारा, वळणावर न अडखळणारा ट्रक रचणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आकार साधला की काम झाले. दुसऱ्यात मोटारीपासून चाकापर्यंत शक्ती कशी पोहोचते, हा खरा प्रश्न असतो आणि तो खऱ्या वाहनाच्या अभियंत्यापुढील प्रश्नाहून मूलतः भिन्न नाही.

आठ मिलिमीटरचे गणित

लेगोच्या आजच्या ठोकळ्याचा एकस्व अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. ठोकळ्याच्या माथ्यावरील दोन खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर असते. १९७७ मध्ये कंपनीने तांत्रिक संचांची मालिका बाजारात आणली. पुढे ती टेक्निक या नावाने प्रसिद्ध झाली. या संचांतील तुळयांना भोके असून तीही एकमेकांपासून ८ मिलिमीटर अंतरावरच आहेत. त्या भोकांतून आस ओवायची आणि आसावर दंतचक्र बसवायचे, अशी ही रचना आहे.

येथेच या प्रणालीचे खरे चातुर्य दडलेले आहे. दोन दंतचक्रे एकमेकांत नीट बसण्यासाठी त्यांच्या आसांमधील अंतर अचूक असावे लागते. टेक्निकच्या सरळ दंतचक्रांत जितके दाते, तितक्या मिलिमीटरचा त्याचा परिणामी व्यास, असा नियम पाळलेला आहे. म्हणजे ८ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ४ मिलिमीटर आणि २४ दात्यांच्या चक्राची १२ मिलिमीटर. दोहोंची बेरीज १६ मिलिमीटर, अर्थात बरोबर दोन भोकांचे अंतर. १६ दात्यांची दोन चक्रे घेतली तरी उत्तर तेच. १२ आणि २० दात्यांची जोडीही तेथेच बसते. ८ आणि ४० दाते घेतल्यास बेरीज २४ मिलिमीटर होते, म्हणजे तीन भोकांचे अंतर. त्यामुळे मोजपट्टी न वापरताही बारा वर्षांचे मूल कामचलाऊ नव्हे, तर खरोखर अचूक गिअरपेटी जुळवू शकते. जी जोडी या अंतरांत बसत नाही ती वापरण्याचा मोह टाळावा. दाते सुरुवातीला अडकतात आणि पुढे झिजतात.

गती की जोर

मोटार वेगाने फिरते, पण तिचा पीळ, अर्थात टॉर्क, तुटपुंजा असतो. वाहनाला नेमके उलटे हवे असते. ८ दात्यांच्या चक्राने २४ दात्यांचे चक्र फिरविले, की गती एक तृतीयांश होते आणि घर्षणात जाणारा वाटा वगळता टॉर्क तिप्पट होतो. ही देवाणघेवाण कोणत्याही युक्तीने चुकविता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठोकळ्यांचा एक ट्रक २ किलो वजनाचा आहे. त्याच्या चाकाचा व्यास सुमारे ८ सेंटिमीटर आहे आणि दर ५ सेंटिमीटर अंतराला १ सेंटिमीटर उंची गाठणारा चढ त्याला चढायचा आहे. या चढावर ट्रकला मागे ओढणारे बल सुमारे ४ न्यूटन असते. चाकाची त्रिज्या ४ सेंटिमीटर धरली, तर चाकांच्या आसावर किमान १६ न्यूटन सेंटिमीटर टॉर्क हवा. २००७ साली आलेल्या पॉवर फंक्शन्स मालिकेतील मोठी मोटार, छांदिष्टांनी केलेल्या मापनांनुसार, ९ व्होल्टवर सुमारे १४ न्यूटन सेंटिमीटर टॉर्क स्वस्थपणे देते. थेट जोडल्यास ती अपुरी पडते. मात्र तीनास एक असा गिअर दिल्यास ४० च्या आसपास टॉर्क मिळतो आणि घर्षण वजा जाऊनही ट्रक चढतो. याच मालिकेतील मध्यम मोटार जेमतेम साडेतीन न्यूटन सेंटिमीटर देते. तिचा टॉर्क तिप्पट केला तरी चढ जमत नाही, मग तिच्यासाठी गिअर आणखी उतरवावा लागतो.

आता या जोराची किंमत पाहू. मोठी मोटार बोजा नसताना मिनिटाला सुमारे २२० फेरे घेते. तीनाने भागल्यास चाकाला ७३ फेरे मिळतात. चाकाचा परिघ २५ सेंटिमीटर धरला, तर वेग ताशी एक किलोमीटरच्या थोडा वर जातो. बोजा आल्यावर तोही घटतो. ज्यांना ठोकळ्यांच्या ट्रकने दिवाणखान्यातून सुसाट धावावे असे वाटते, त्यांची निराशा बहुधा येथेच होते.

त्यात भर सेलची. सहा साध्या सेलचे मिळून ९ व्होल्ट होतात. पुन्हा भारता येणारे निकेल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने त्यांची बेरीज ७.२ व्होल्टच भरते आणि तोच ट्रक मंदावतो. खर्चाच्या दृष्टीने मात्र तेच परवडतात.

गिअर कोठे बसवावा, यालाही महत्त्व आहे. प्लास्टिकचा लांब आस मोठ्या टॉर्कखाली पिळवटतो आणि गाडी झटके देत चालते. म्हणून गती शक्य तितकी चाकाजवळ उतरवावी. मधल्या आसांवर मग वेग अधिक आणि ताण कमी राहतो. खाणींत चालणाऱ्या अवजड टिपरांच्या चाकांतच दंतचक्रे बसविलेली असतात, ती याच कारणासाठी. २०११ मध्ये आलेल्या उनिमोग ट्रकच्या संचात लेगोने हीच रचना ठोकळ्यांत आणली. क्रेनच्या दोरासाठी मात्र स्क्रूसारख्या पेचदार चक्राचा उपयोग होतो. त्याच्या एका फेऱ्यात समोरचे चक्र केवळ एक दाता पुढे सरकते आणि भाराने ते उलटे फिरत नाही. मोटार बंद केली तरी उचललेला बोजा जागीच राहतो.

वळणाची अडचण

बैलगाडीला वळताना अडचण येत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. मोटारगाडीत मात्र मागील दोन्ही चाकांना एकाच इंजिनाने शक्ती पुरविली जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असते. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविली, तर एक चाक घसरते किंवा गाडी सरळच जाऊ पाहते. डिफरन्शियल ही यावरील तोड होय. तीत शक्ती दोन्ही चाकांना मिळते, पण गती ती आपापसांत वाटून घेतात. १९८० सालच्या मोटारीच्या सांगाड्याच्या संचात तीन गतींच्या गिअरपेटीसह डिफरन्शियलचाही समावेश होता. अनेक मुलांनी ही रचना पाठ्यपुस्तकापूर्वी हातात घेऊन पाहिली.

तिचा दोषही हातातच कळतो. एक चाक हवेत उचलले गेले, की सारी गती त्याच्याकडे जाते आणि जमिनीवरचे चाक थांबून राहते. चिखलात रुतलेल्या गाडीचा अनुभव असलेल्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. खडकाळ जमिनीवर चालणारी वाहने रचणारे म्हणूनच कित्येकदा डिफरन्शियल मुद्दाम वगळतात.

ताप उन्हाचा आणि आयातीचा

पॉवर फंक्शन्सची वाहने अवरक्त किरणांच्या दूरनियंत्रकावर चालत. घरात ते उत्तम चालते. चेन्नईच्या गच्चीवर भर दुपारी मात्र सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांपुढे दूरनियंत्रकाचा संदेश फिका पडतो आणि गाडी ऐकेनाशी होते. पुढील पिढीत ब्लूटूथ आल्याने ही अडचण दूर झाली. पांढऱ्या आणि करड्या ठोकळ्यांचे उन्हाने पिवळे पडणे मात्र कायम आहे.

भारतातील छांदिष्टांना खरी झळ किमतीची बसते. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. मोटार बसताच खेळणे विजेवर चालणाऱ्यांत मोडते आणि त्याला वेगळे मानक लागू होते. निकृष्ट आयात रोखणे आणि देशी उद्योगाला आधार देणे हे या निर्णयांमागील उद्दिष्ट होते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु हजारांवर भाग असलेला मोटारीचा संच मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर आणखी सरकला, हेही तितकेच खरे.

यावर एक मार्ग संगणकाचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये एलड्रॉ ही विनामूल्य प्रणाली तयार केली. तिच्यात संपूर्ण वाहन पडद्यावर रचता येते, कोणते भाग किती लागतील ते कळते आणि मग तेवढेच विकत घेता येतात. घर्षण आणि वजन मात्र पडद्यावर जाणवत नाही. पडद्यावर सुरेख दिसणारी गिअरपेटी टेबलावर अडकून बसण्याचे प्रसंग थोडे नाहीत.

दुसरा मार्ग पर्यायी ठोकळ्यांचा. मूळ एकस्वांची मुदत कधीच संपली असून, ठोकळ्याच्या आकारावर बोधचिन्ह म्हणून हक्क सांगण्याचा लेगोचा दावा युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये फेटाळला. त्यामुळे जुळणारे ठोकळे अन्य कंपन्याही बनवितात. घराच्या भिंतीला ते पुरतात. दंतचक्रे आणि आस यांच्या बाबतीत मात्र मिलिमीटरचा लहानसा अंशही महत्त्वाचा ठरतो, म्हणून तेथे पारखून घेणे श्रेयस्कर.

तिसरा मार्ग महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या टेल्को कारखान्यात ट्रकच्या कामावर असलेले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबाद येथील विज्ञान शिक्षण उपक्रमात गेले. तेथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून मेकॅनो सिद्ध केले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांच्या सांगाड्यात गिअरपेटी बसत नाही, ही त्याची मर्यादा. पण त्रिकोण ताठ राहतो आणि चौकोन लवतो, हे सत्य काही पैशांत कळते. वाहनाचा सांगाडा रचताना हाच धडा सर्वांत आधी कामी येतो.

नियंत्रण कोणाच्या हाती

शाळांपुढे यापेक्षा वेगळा प्रश्न उभा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि यंत्रमानवाचे संच हा अशा प्रयोगशाळांचा ठरलेला भाग आहे. १९९८ पासून चालत आलेली लेगोची माइंडस्टॉर्म्स मालिका, जिचे नाव सीमोर पेपर्ट यांच्या १९८० सालच्या पुस्तकावरून ठेवले होते, २०२२ अखेरीस बंद झाली. मोटारी आणि दंतचक्रे वर्षानुवर्षे टिकतात. पण त्यांना आज्ञा देणारे अ‍ॅप नव्या फोनवर चालेनासे झाले, तर वाहन जागीच उभे राहते. २०१९ मध्ये आलेला सात मोटारींचा आणि ४,१०८ भागांचा लीबेर उत्खनक तर पूर्णतः फोनवरूनच चालविला जातो. त्याच्यासोबत दूरनियंत्रक दिलेलाच नाही.

पायब्रिक्स ही खुली प्रणाली यावरील उपाय म्हणून पुढे आली आहे. तिच्या साहाय्याने जुन्या आणि नव्या अनेक नियंत्रकांवर पायथन भाषेतील आज्ञावली चालविता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, मात्र नियंत्रकातील मूळ प्रणाली बदलून आज्ञावली स्वतः लिहावी लागते आणि हे काम शिकवू शकेल असा शिक्षक शाळेत असावा लागतो.