दोन वाजेपर्यंतची मुंबई

जळगावकर किंवा धुळेकर मुंबईला जातो तो बहुधा कामानंच, आणि त्यातली निम्मी कामं मंत्रालयात असतात. बदलीची फाइल, संस्थेचं अनुदान, कुठेतरी अडकलेली मान्यता. साध्या माणसाला मंत्रालयात दुपारी दोननंतर सोडतात. विदर्भातून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या मात्र आपल्याला सकाळी साडेसहा-सातलाच सीएसएमटीवर आणून टाकतात. मधले सात तास लोक आमदार निवासाच्या व्हरांड्यात नाहीतर फलाटावर पेपर अंथरून काढतात. मीही पुष्कळ वर्षं तेच केलं. मग एका खेपेला धुळ्याचा मित्र बरोबर निघाला आणि आमचं एक वेळापत्रक बसलं.

मी जळगावला बसतो, तो चाळीसगावला चढतो. काम एकाचं असलं तरी दोघांनी जावं, हा पहिला नियम. एक जण अंघोळीच्या रांगेत, दुसरा सामानाजवळ. एकट्या माणसाचा इथेच तासभर जातो. अंघोळ उरकली की बॅगा क्लोकरूममध्ये टाकायच्या. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्यावं. स्टेशनावर घ्यायला गेलं की किंमत ऐकून झोप उडते. हातात फक्त फाइल, मूळ आधार कार्ड, पाण्याची बाटली आणि दशम्या-चटणी. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, म्हणून कळण्याची भाकरी घरीच बरी.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर लगेच चालू लागू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आखलेली ही इमारत १८७८ साली बांधायला घेतली आणि दहा वर्षांत उभी केली. दारावरच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. समोरची महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्सची. एका माणसानं रस्त्याच्या दोन्ही बाजू बांधाव्यात, हे आमच्या मित्राला फार आवडलं.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं कमानींखालून सरळ चालत हुतात्मा चौक. अंतर किलोमीटरच्या आसपास. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, ते १०६ हुतात्म्यांचं स्मारक. इथे दोन मिनिटं थांबावं. ही माणसं रस्त्यावर उतरली नसती, तर आपली फाइल आज कुठल्या शहरात अडकली असती कोण जाणे.

चौकातून डावीकडे आत शिरलं की हॉर्निमन सर्कल. खानदेशी माणसानं सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं मत. आज जिथे गोल बाग आहे तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठी रचलेल्या असत. पुढे हा बाजार कुलाब्याला गेला आणि तिथून शिवडीकडे. तिथल्या स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव त्यावरूनच. बागेसमोर एशियाटिकच्या तीस पायऱ्या आहेत. त्यांवर बसून दशम्या सोडायच्या आणि मित्राला पुढची गोष्ट सांगायची.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांचे डोळे मुंबईकडे लागले, मुंबईचे वऱ्हाड-खानदेश-गुजरातकडे. आपल्याकडचा माल तेव्हा बैलगाडीनं आग्रा रोडला लागायचा आणि थळ घाट उतरून खाली यायचा. हा आग्रा रोड धुळ्यावरूनच जातो. भाव चढत गेले तशा इथे रोज नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर वाट्टेल त्या भावानं विकले गेले. घाटातून आगगाडी सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला. कापूस आता डब्यात भरून थेट बंदरावर येणार, तोवर एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्धच आटोपलं. भाव कोसळला, जुलैत शेअरबाजार बुडाला. मित्र यावर एवढंच म्हणाला, "गाडी तवाबी लेटच व्हती भो."

या बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद. त्याचंही दिवाळं वाजलं, पण त्याआधी त्यानं विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, ही त्याची इच्छा. तोच राजाबाई टॉवर, १८७८ साली पुरा झालेला. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि स्कॉट कधी हिंदुस्थानात आलाच नाही. वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे ओव्हल मैदानातून बघायचा. मित्र बराच वेळ मान वर करून उभा होता. मग म्हणाला, "हाई ते आपला कापूसनी कमाई शे!" सगळी नव्हे, पण या मनोऱ्यात खानदेशच्या काळ्या मातीचाही वाटा आहे, हे खोटं नाही.

गेटवे दहा मिनिटांत होतो. फोटोवाले मागे लागतात, त्यांना मराठीत नाही म्हटलं की ऐकतात. वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, पण ते आत घेतलं तर बाकीचं सोडावं लागतं. त्याला वेगळी खेप ठेवा.

एकच्या सुमारास पोटभर जेवून मंत्रालयाकडे वळावं. हीदेखील समुद्र बुजवून केलेली जमीन. इमारत १९५५ ची, तेव्हा नाव सचिवालय. मंत्रालय झालं ते १९७५ साली. हल्ली प्रवेशासाठी मोबाइलवर डिजीप्रवेश ॲपमध्ये नोंदणी करावी लागते. ती रात्री गाडीतच करून ठेवली, तर दारावर घाम फुटत नाही. आत काम किती वेळात होईल, हे सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

परतीला टॅक्सी शोधू नका. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. विधान भवन स्टेशनात बसायचं. चर्चगेट, हुतात्मा चौक आणि मग सीएसएमटी. सकाळभर तुडवलेला रस्ता काही मिनिटांत पायाखालून निघून जातो. क्लोकरूमची पावती आणि रेल्वेचं तिकीट एकाच खिशात ठेवा, कारण संध्याकाळी सात-आठला गाड्या सुटतात आणि त्या वेळी खिसे चाचपायला सवड नसते.

गाडीत बसल्यावर दोघंही मेल्यासारखे झोपतात. चाळीसगाव जळगावच्या तासभर आधी येतं, तेही ऐन मध्यरात्री. धुळ्याच्या मित्राला उठवायचं काम तुमचं, तेव्हा दोन गजर लावा.