फोन खरंच आपलं बोलणं ऐकतो का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही मित्र परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो. रूम मी एकट्यानेच शोधली, पण हॉटेलच्या जाहिराती मित्राच्या फोनवर सुरू! तो म्हणाला, "फोन आपलं बोलणं आयकते ना बे!"

मित्रांनो, ऐकायची गरजच नसते. अँड्रॉइड फोनमध्ये एक जाहिरात आयडी असतो. कोणत्या ॲपमध्ये काय पाहिलं, तेव्हा फोन कुठे होता, अशा नोंदी त्या आयडीखाली जमा होऊ शकतात. त्यात मित्र माझ्या हॉटस्पॉटवर होता, म्हणजे बाहेरून दोघांचा आयपी ॲड्रेस एकच. लोकेशनही एकच. हे दोघं सोबत आहेत, एवढा अंदाज बांधायला तेवढं पुरतं.

जाहिरात दिसली म्हणून बिघडत नाही. पण या नोंदी पुढे कोणाकोणाकडे जातात, ते आपल्याला कळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. 2023 चा डेटा संरक्षण कायदाही संमतीवर भर देतो. आणि आपण न वाचताच 'अलाऊ' दाबतो!

मग काय करायचं?

- अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधा, जाहिरात आयडी डिलीट करा.
- आयफोन: 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधलं 'ट्रॅकिंग' बंद करा.
- लोकेशन: गरज असलेल्या ॲपलाच, तेही वापरतानाच द्या.

जाहिराती थांबणार नाहीत, पण तुमचा माग काढणं अवघड होईल.

मित्राचा फोन तपासला, तर टॉर्चच्या ॲपला लोकेशनची परवानगी चोवीस तास! उजेड पाडायला पत्ता कशाला लागतो? तुमच्या फोनमध्येही आधी तेच बघा.