हिंदमाता: पाण्याची बशी

मुंबईत ‘हिंदमाताला पाणी भरलं’ एवढं वाक्य कानावर आलं, की परळच्या इस्पितळात पेशंटला भेटायला निघालेल्यापासून दादरला लोकल पकडणाऱ्यापर्यंत सगळे आपला बेत बदलतात. एका चित्रपटगृहावरून नाव पडलेला हा नाका एरवी साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या बाजारासाठी प्रसिद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून बसने जाताना रस्ता इथे खाली उतरतो, हे लक्षातही येत नाही. पाण्याच्या मात्र ते बरोबर लक्षात येतं.

हिंदमाता ही बशी आहे. भोवतालच्या उंच भागांतलं पाणी इथे गोळा होतं आणि पर्जन्य जलवाहिन्यांतून पूर्वेला रे रोडच्या बाजूने समुद्राला मिळतं. मिळायला हवं, असं म्हणू. मुंबईच्या वाहिन्या पाणी समुद्रात सोडतात त्या १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. भरती आली की दार बाहेरून लोटलं जातं, आणि त्याच वेळी वरून धो धो कोसळत असेल तर पाणी रस्त्यावर बसून राहतं. नालेसफाई झाली नाही म्हणून पाणी तुंबलं, हा आपला आवडता निष्कर्ष निम्माच खरा. चकचकीत धुतलेला नालाही समुद्राला मागे ढकलू शकत नाही. ते काम पंपाचं.

हे कळायला उशीर झाला, असंही नाही. १९८५च्या पावसानंतर पालिकेने अभ्यास करवून घेतला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल तयार झाला. जुन्या वाहिन्या ओहोटी असेल तर ताशी २५ मिलिमीटर पाऊस पेलत. ती क्षमता ५० मिलिमीटर करायची, ही त्याची मुख्य शिफारस. खर्च होता ६१६ कोटी. पैसे नाहीत म्हणून अहवाल बराचसा फडताळात राहिला. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फडताळ उघडलं. केंद्राने १२०० कोटींची योजना मान्य केली, पण पुढे अंदाज चार हजार कोटींच्या आसपास गेला. १९९३ ला महाग वाटलेली गोष्ट किती स्वस्त होती, हे तेव्हा कळलं.

या योजनेतल्या आठ उदंचन (पंपिंग) केंद्रांपैकी सहा झाली. माहुल आणि मोगरा जागेच्या प्रश्नात मागे पडली. हिंदमाताच्या वाट्याला आलं ते रे रोडचं ब्रिटानिया केंद्र. तिथला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेकतो. पण पाणी तिथवर पोहोचायला हवं ना! वाहिनी लांब, उतार नावापुरता. म्हणून २०२१ मध्ये पालिकेने वेगळा विचार केला: पाणी लगेच बाहेर जात नसेल तर त्याला थांबायला जागा द्या. परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादर पश्चिमेचं प्रमोद महाजन कला पार्क यांच्या पोटात प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या. पार्कपर्यंतची वाहिनी तर रेल्वे रुळांखालून न्यावी लागली. भरती असेतो पाणी टाकीत, ओहोटी लागली की समुद्रात. वाड्यातल्या हौदाचीच ही कल्पना, फक्त उलट्या कामासाठी. त्याच सुमारास परळ आणि हिंदमाता या दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उंच करून जोडला गेला, त्यामुळे वरची वाहनं तरी सुटली.

तेव्हापासून पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. तरी २६ मे २०२५ ला, मान्सून विक्रमी लवकर दाखल झाला त्या दिवशी, हिंदमाता पुन्हा पाण्यात होतं. तिथले पंप वेळेत न चालल्याबद्दल पालिकेने कंत्राटदाराला दंड केला. पाऊस पंचांग पाळत नाही, आपली कंत्राटं मात्र पाळतात.

साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा पालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. जूनमध्ये बस्ता बांधायला हिंदमाताला जाणार असाल, तर मुहूर्ताआधी ती यादी बघा.