पंचवीस ग्रॅमचा प्रवासी

टिलवा तराजूत टाकला तर पंचवीस-तीस ग्रॅम भरेल. म्हणजे लासलगावच्या कांद्यासारखा तोलायचा झाला, तर किलोला पस्तीस-चाळीस! चिखलात चोच खुपसत पळणारा हा पक्षी अंडी घालतो थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. तिथून नाशिक जिल्हा सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरच्या पुढे.

सटाण्याहून मित्रमंडळी पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरला निघतात तेव्हा चांदवडची डोंगररांग ओलांडावी लागते. अलीकडचं आरम नदीचं पाणी गिरणा-तापीतून अरबी समुद्राला जातं, पलीकडचं गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. एवढ्या शंभरेक किलोमीटरला आमच्यातल्या एकाची कंबर धरते. टिलव्याचं पिल्लू जुलैच्या आसपास अंड्यातून बाहेर येतं. आईबाप त्याच्या आधीच प्रवासाला निघून जातात. तीन महिन्यांचं हे पोर मागून येतं आणि ऑक्टोबरात गोदाकाठी चरताना दिसतं. वाट कोणी दाखवली? कोणीच नाही.

पट्टकादंब हंस जरा उशिरा, थंडी पडल्यावर उतरतात. वजन दोन-तीन किलो. संशोधकांनी अंगावर यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा एका हंसाच्या उड्डाणाची उंची ७,२९० मीटर भरली. आपला साल्हेर, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर. साडेचार साल्हेर एकावर एक रचले तरी हंस वरूनच जाईल. तिथे प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून कमी. हिमालयाची चढण हे हंस सात-आठ तासांत, न थांबता, बहुधा रात्री चढतात. वर गेले की वरच राहतात असंही नाही. डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली येतात, कारण विरळ हवेत पंख मारणं फार महाग पडतं. चढउताराचा हा हिशेब मला उंचीच्या आकड्याहून थोर वाटतो.

हे सगळे उतरतात कुठे? नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी-कादवा संगमावरच्या शंभर वर्षं जुन्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात. सिंचनाच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसान, पण उथळ पाणी आणि पाणवनस्पती त्याच्यामुळेच. १९८६ साली अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. क्षेत्र १,४३७ हेक्टर, नोंदलेल्या जाती ५३६, वनस्पतींपासून माशांपर्यंत सगळ्या धरून.

या पाण्यावरचा वारकरी पक्ष्यांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहांचा घोळका डोळ्यांत बसवायचा, मग तसे दहा म्हणजे शंभर, आणि शंभराची ती चौकट थव्यावरून सरकवत न्यायची. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून अशीच दर जानेवारीत होते आणि तिला माणसं कमीच पडतात. दुर्बीण असेल तर येत्या जानेवारीत जवळच्या तलावावर जा आणि गणनेसाठी आकडा लिहून द्या.