ॲपमध्ये इंटरकॉम – भाग ६ : ब्राउझर म्हणतो म्हणून खरं?

नाशिकच्या एका वाचकाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मागच्या भागातला इंटरकॉमच्या चॅट-खिडकीचा, म्हणजे मेसेंजरचा, कोड त्याने आपल्या ॲपमध्ये चिकटवला, कोपऱ्यात गोल बटण उगवलं, इनबॉक्समध्ये पहिला 'हॅलो' येऊन पडला. आता तो विचारतो, "सगळं चाललंय की! मग सर्व्हरवर तो हॅश काढायचा खटाटोप कशाला? यूजर आयडी जावास्क्रिप्टमध्येच लिहितो, तर तिथेच दोन ओळी वाढवून हॅशही काढला तर?"

आज इव्हेंटांना नावं कशी द्यावीत ते सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. इव्हेंटांची नावं चुकली तर फार तर अहवाल वेडावाकडा येतो. इथे चुकलं तर एका ग्राहकाने खासगीत लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला मिळतं.

मेसेंजर बूट करताना आपण काय पाठवतो ते आठवा. ॲप आयडी, यूजर आयडी, ईमेल, खातं उघडल्याची वेळ. (वेळ सेकंदांत, मिलिसेकंदांत नव्हे. अजूनही काही जणांचे ग्राहक हजारो वर्षांनंतर खातं उघडतायत.) यातलं काहीच गुप्त नाही. पानाचा सोर्स उघडला की ॲप आयडी समोरच असतो. यूजर आयडी तर बहुतेक ॲपमध्ये डेटाबेसचा चढता क्रमांक. आपला ४०२७ असेल, तर ४०२६ नावाचा कोणीतरी आहेच, हे कळायला हुशारी लागत नाही. एफ-१२ दाबून कन्सोल उघडायचा, आकडा बदलायचा आणि पुन्हा बूट करायचं. हॅशची पडताळणी चालू नसेल, तर इंटरकॉम त्या आकड्यावर विश्वास ठेवतं आणि ४०२६ची जुनी संभाषणं तुमच्यापुढे मांडतं.

सोसायटीच्या गेटवरच्या वहीसारखंच हे. पाहुणा स्वतःच नाव लिहितो, फ्लॅट नंबर लिहितो, आणि वॉचमन 'जा' म्हणतो.

'चॅटमध्ये असतं काय एवढं' असं म्हणणाऱ्यांनी सपोर्टचा इनबॉक्स एकदा वरपासून खालपर्यंत वाचावा. आपल्याकडची माणसं चॅटमध्ये आधारचा फोटो टाकतात, पासबुकाचं पहिलं पान टाकतात, 'ओटीपी आला, हा घ्या' म्हणून ओटीपीसुद्धा लिहितात; कोणी मागितलेला नसतानाही. खिडकी इंटरकॉमची असली म्हणून जबाबदारी त्यांच्यावर ढकलता येत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हे स्पष्ट आहे: तुमच्या वतीने दुसरं कोणी डेटा हाताळत असलं, तरी उत्तर तुम्हीच द्यायचं. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

आता वाचकाच्या सूचनेकडे. ब्राउझरमध्ये हॅश काढायचा, तर गुप्त किल्लीही ब्राउझरमध्ये न्यावी लागणार. आणि ब्राउझरमध्ये गेलेली गोष्ट, कोड कितीही आकसून गिचमिड केला तरी, जाहीरच झालेली असते. बरं, किल्लीच नको, नुसता यूजर आयडीचा एसएचए-२५६ काढू म्हटलं, तर ४०२६चाही तो कोणीही काढू शकतो. ज्याला आकडा बदलता आला, त्याला हॅश बदलणं काय जड? सर्व्हरवर काढलेल्या हॅशचा अर्थ एवढाच: 'लॉगिन मी तपासलंय, हा ४०२७ आहे, आणि ही माझी खूण.' ती खूण किल्ली हातात असलेल्यालाच करता येते. किल्ली दोघांकडेच असते, तुमच्या सर्व्हरकडे आणि इंटरकॉमकडे.

ही खूण म्हणजे एचमॅक. बेलारे, कानेटी आणि क्रॉचिक या तिघांनी ती मांडली, आणि फेब्रुवारी १९९७मध्ये ती आरएफसी २१०४ म्हणून नोंदली गेली. इथे थोडं रेंगाळतो, कारण माझा हा आवडता कोपरा आहे. मनात येतं की किल्लीला आयडी जोडावा, त्या जोडाचा एसएचए-२५६ काढावा आणि काम संपवावं. एवढ्यासाठी तीन संशोधक कशाला लागले?

याचं उत्तर २००९ साली फ्लिकरला मिळालं. फोटो ठेवण्याची ती प्रसिद्ध साइट आपल्या एपीआयच्या विनंत्यांवर सही करताना अगदी हेच करत होती: गुप्त किल्ली पुढे, मागोमाग विनंतीतली माहिती, आणि सगळ्याचा एमडी-५. थाय डुओंग आणि हुलियानो रिझ्झो या दोघांनी दाखवून दिलं की किल्ली ठाऊक नसतानाही खोटी सही करता येते. एमडी-५ काय किंवा एसएचए-२५६ काय, दोन्ही माहिती ६४-६४ बाइटांच्या घासांत गिळतात. प्रत्येक घासानंतर आतली स्थिती बदलते, आणि शेवटच्या घासानंतरची स्थिती हेच उत्तर म्हणून बाहेर येतं. म्हणजे उत्तर हाती आलं की आतलं यंत्र नेमकं कुठे थांबलंय तेही हाती आलं! तिथूनच ते पुढे चालवायचं, आपल्याला हवा तो मजकूर शेपटीला जोडायचा, आणि नवी सही तयार. किल्लीची लांबी तेवढी अंदाजाने ठरवावी लागते.

एचमॅक ही वाट बंद करतं. किल्ली एका पद्धतीने मिसळून आधी माहितीचा हॅश, मग तीच किल्ली वेगळ्या पद्धतीने मिसळून त्या हॅशचा पुन्हा हॅश. आतलं यंत्र कुठे थांबलं ते बाहेर दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे तुम्हाला हे काही लिहायचं नाही. पीएचपी, रूबी, नोड, पायथन, सगळीकडे ते तयार मिळतं. एका ओळीत ६४ अक्षरांची हेक्स माळ हाती येते. ती यूजर आयडीसोबत पानात पाठवायची.

तरीही 'हॅश जुळत नाही' ही तक्रार येतेच. बहुतेक वेळा कारण असं, की यूजर आयडी आणि ईमेल दोन्ही पाठवले आणि हॅश मात्र ईमेलचा काढला. यूजर आयडी असेल तर हॅश त्याचाच हवा. नुसत्या ईमेलवर चालवत असाल, तर ज्याचा हॅश काढला तो आणि पाठवलेला ईमेल अक्षरशः एकच हवा, कॅपिटल-स्मॉलसह. किल्ली कॉपी करताना शेवटी चिकटून आलेली रिकामी ओळही बघा. आणि वेब, आयओएस, अँड्रॉइड यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या असतात.

या हॅशमध्ये एक उणीव आहेच. त्याला मुदत नाही. ४०२७चा हॅश आज जो, तोच पुढच्या दिवाळीला. एकदा फुटला की किल्ली बदलेपर्यंत चालतो. म्हणून इंटरकॉम आता मुदत घालता येणारं, सही केलेलं टोकन म्हणजे जेडब्ल्यूटी वापरायला सांगतं. नवी जोडणी करत असाल, तर सरळ तेच घ्या. तिथेही सही सर्व्हरवरच.

एवढं करूनही एक फट राहते, आणि तिच्याशी हॅशचा संबंध नाही. औषधाच्या दुकानात एकच संगणक आणि पाळीपाळीने बसणारे दोघं. सकाळचा लॉगआउट करतो, तुमच्या ॲपचं सेशन जातं. पण मेसेंजरची स्वतःची कुकी तिथेच राहते, आठवडाभर. लॉगआउटच्या वेळी इंटरकॉमला शटडाउन सांगितलं नाही, तर संध्याकाळच्याला लॉगिनच्या पानावरच सकाळच्याची बोलणी दिसू शकतात. नुसतं लॉगआउटच्या बटणाला शटडाउन जोडूनही भागत नाही. कित्येक जण ते बटण दाबतच नाहीत, सेशन आपोआप संपतं. म्हणून लॉगिनचं पान उघडतानाही शटडाउन चालवा. त्याने काही बिघडत नाही.

हे सगळं झाल्यावर चाचणीच्या वर्कस्पेसमध्ये स्वतःच चोर बना. आपल्या खात्याने लॉगिन करा, कन्सोलमध्ये शटडाउन द्या, मग सहकाऱ्याचा यूजर आयडी आणि आपलाच हॅश देऊन बूट करा. मेसेंजर उघडता कामा नये. उघडला, तर सेटिंगमध्ये जाऊन पाहा: हॅश पाठवणं सुरू केलेलं असतं, पण पडताळणी सक्तीची करणारं बटण कोणी दाबलेलंच नसतं.