वेधशाळेचा पारा आणि आजींची खोली

एप्रिल उजाडला की पेपरात पहिली नजर पाऱ्याच्या चौकटीकडे जाते. चंद्रपूर किती, अकोला किती, जळगाव किती. त्या आकड्यावरून आपण ठरवून टाकतो की आज आपल्याकडे एवढं तापलंय. पण तो आकडा आपल्या घराचा नसतोच. वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत असतो. हवेचं तापमान नीट मोजायचं तर असंच मोजायला हवं, त्यात हवामान खात्याची काही चूक नाही. फक्त पत्र्याखालच्या एका खिडकीच्या खोलीत दुपारभर पडून असलेल्या आजींना काय सोसावं लागतं, ते त्या पेटीला कळत नाही.

उपग्रह आहेत की, असं कोणी म्हणेल. पण उपग्रहावरून मिळतं ते छपराचं, डांबराचं, जमिनीचं तापमान, खोलीतल्या हवेचं नव्हे. त्यात पुन्हा चकचकीत धातूचं छप्पर उष्णतेचे किरण कमी सोडतं, त्यामुळे ते आहे त्याहून थंड भासू शकतं. नकाशावर बरा दिसणारा ठिपका आतून भट्टी असू शकतो.

म्हणून शहरी उष्म्याचे काही अभ्यासक घरांत शिरू लागले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात २०१६ च्या उन्हाळ्यात डब्ल्यूएनवायसी हे रेडिओ केंद्र, ‘वी ॲक्ट’ ही तिथली पर्यावरण संघटना आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे ३० घरांत छोटे संवेदक ठेवले. दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता यांची नोंद आतल्या कार्डावर होई आणि स्वयंसेवक मधूनमधून येऊन ती उतरवून घेत. सहभागी सगळेच वयस्क नव्हते, पण त्यातून जे दिसलं ते वयस्करांच्या दृष्टीने फार मोलाचं होतं. विटांच्या जुन्या इमारती दिवसभर उष्णता पितात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. रस्त्यावर रात्री गार वारं सुटलं तरी आतली खोली तापलेलीच राहते. ज्या वेळी शरीराला विसावा मिळायचा, त्याच वेळी तो मिळत नाही.

‘उन्हात जाऊ नका, घरात बसा, म्हणजे झालं’ हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भीषण लाट आली. तिथल्या अपमृत्यू चौकशी विभागाने त्या आठवड्यातल्या ६१९ मृत्यूंची छाननी केली. त्यांतले ९८ टक्के मृत्यू घराच्या किंवा इमारतीच्या आत झाले होते, सुमारे दोनतृतीयांश लोक सत्तरी गाठलेले होते आणि निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते. ही माणसं उन्हात हिंडायला गेली नव्हती.

आता यात ज्येष्ठांना संशोधनात कशाला ओढायचं? ‘यंत्रबिंत्र त्यांना जमायचं नाही, आपण मोजू, त्यांना अहवाल देऊ,’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मुळात नोंद यंत्रच करतं. माणसाकडे उरतं ते यंत्राला न समजणारं. साडेतीनला आकडा एकदम चढला तो का? पश्चिमेचं ऊन थेट पलंगावर आलं म्हणून, की शेजारच्या एसीचं गरम वारं खिडकीतून आत आलं म्हणून? रात्री खिडकी बंद का? डास, चोराची भीती, की खाली उभ्या राहणाऱ्या टोळक्याची? पंखा असून बंद का, तर विजेचं बिल. या उत्तरांवाचून आलेख नुसता चढतो-उतरतो. आणि उपाय चुकतो तो इथेच: खिडकी मोठी करून द्यायची आणि ती उघडायची कोणाची हिंमत नाही!

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तेवढाच घट्ट आहे. ‘उकडलं की म्हातारी माणसं सांगतीलच, त्यांना विचारलं की झालं.’ नाही. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, कातडीकडे रक्त नेऊन शरीर गार करण्याची क्षमता घटते. रक्तदाबासाठी दिली जाणारी, लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. (म्हणून गोळी परस्पर बंद करायची नसते. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारायचं.) ‘मला काही गरम होत नाहीये’ असं आजोबा खरंच प्रामाणिकपणे सांगतात आणि तेव्हाच ते धोक्यात असू शकतात. म्हणून भिंतीवरचा संवेदक आणि माणसाचं बोलणं शेजारी शेजारी ठेवावं लागतं. दोन्ही जुळत नसतील तर ती तफावत हीच सगळ्यात महत्त्वाची नोंद.

आठवणींचंही असंच. ‘आमच्या वेळी एवढं उकडत नव्हतं’ हा तापमानाचा पुरावा नव्हे, त्यासाठी वेधशाळेच्या जुन्या वह्या आहेत. पण कोपऱ्यावरची चिंच कधी तोडली, विहीर कुठे बुजवली, मागचं मैदान कोणत्या साली फरसबंद झालं, हे वस्तीतल्या सत्तरीच्या माणसाइतकं नीट कोण सांगणार?

‘पारा चाळिशी ओलांडेपर्यंत घाबरायचं कारण नाही’ असं मानणाऱ्यांनी खारघर आठवावं. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो लोक उघड्यावर बसले होते. जवळच्या केंद्रावरची नोंद ३८ अंशांची होती आणि १४ जणांचा जीव गेला. किनाऱ्यावर हवेतच दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि वाळल्याशिवाय तो अंग गार करत नाही. हवामान खातं म्हणूनच किनारी भागासाठी उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून करतं, मैदानी भागासाठी ४० पासून. नागपूरला जिवाला आधार देणारा कूलर मुंबईत बिनकामाचा ठरतो, तोही याच कारणाने. पंख्यावरही आंधळा भरवसा नको: हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वाराच फेकतो, आणि तेव्हा तो वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गरिबी आणि वय सारखं असलं की धोकाही सारखा, असं आकडेवाल्यांना वाटतं. शिकागोत जुलै १९९५ च्या लाटेत ७३९ जादा मृत्यू झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी शेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लाँडेल आणि साउथ लाँडेल. गरीब आणि एकटे राहणारे वृद्ध दोन्हीकडे साधारण सारखेच, तरी नॉर्थ लाँडेलमधला मृत्युदर दहापट. तिथे दुकानं उठली होती, प्लॉट ओसाड पडले होते आणि म्हातारी माणसं भीतीने दार लावून बसत. पलीकडे रस्ता गजबजलेला, त्यामुळे भाजीच्या निमित्ताने तरी बाहेर पडणं होई. हे कुठल्याच तापमापकात दिसलं नसतं.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत जाऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्या अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. सभेला येतो तो चालता-फिरता माणूस. जो तिसऱ्या मजल्यावरून महिनाभर उतरलेला नाही, त्याच्यापर्यंत औषधवाला, दूधवाला किंवा घरकामाच्या मावशीच नेऊ शकतात.

हार्लेमच्या त्या आकड्यांना एक कायदेशीर बाजूही आहे. न्यूयॉर्कमध्ये थंडीच्या मोसमात बाहेर गारठा वाढला की घरमालकाने दिवसा घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, राखायचं असा नियम आहे. २०१६ मध्ये उन्हाळ्यासाठी मात्र घरातल्या तापमानाची कमाल मर्यादा नव्हती. अशी मर्यादा आखायची तर भर उन्हाळ्यात रात्री दोन वाजता खोलीत किती अंश असतात, हे आधी माहीत हवं आणि ती नोंद तिथे झोपणाऱ्याच्या उशाशीच करावी लागते.