तारे टिपायला ४०० चा रोल घेताय? आधी हे वाचा

जुना रोलचा कॅमेरा माळ्यावर पडून असलेली घरं खेड्यापाड्यात अजून बरीच आहेत. हौशी पोरं तो काढून तारे टिपायला बघतात. अंधाराची आपल्याकडे कमी नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधार फुकट आहे, रोल मात्र महाग. आणि रोल घेतानाच बरेच जण फसतात.

आयएसओ जास्त म्हणजे रोल तेज, असा साधा हिशेब असतो. दिवसा तो बरोबर. रात्री शटर कित्येक मिनिटं उघडं ठेवावं लागतं आणि तिथे फिल्म दमते. तापलेल्या जमिनीवर थेंब थेंब पडला तर ओल धरत नाही, एकदम सर आली तरच मुरते. फिल्मवरच्या उजेडाचंही तसंच. याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात.

कोडॅकचा ट्राय-एक्स ४०० घ्या. मीटरने १०० सेकंद दाखवले, तर कंपनीचा जुना तक्ता १२०० सेकंद द्यायला सांगतो. म्हणजे २० मिनिटं! त्याच उजेडात फुजीच्या ॲक्रॉस १०० ला मीटर ४०० सेकंद दाखवेल. तक्त्याप्रमाणे अर्धा स्टॉप वाढवला तरी साडेनऊ मिनिटांत काम होतं. मंद समजला जाणारा रोल निम्म्या वेळेत पुढे. आता बाजारात त्याचा ॲक्रॉस टू मिळतो.

त्याचीही एक खोट आहे. गडद लाल रंग त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा लालसर भाग फिका येतो. ताऱ्यांच्या रेघा काढायच्या असतील तर काही बिघडत नाही.

रंगीत हवा असेल तर फुजीचा प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत दमत नाही. पण तो स्लाइडचा रोल, त्याची धुलाई वेगळ्या रसायनात होते. तालुक्याच्या स्टुडिओत ती होईलच असं नाही, आधी विचारा मगच पैसे टाका.

आणि पहिला फोटो दिवसाउजेडी काढा, बैलाचा काढा नाहीतर घराचा. रात्रीच्या निगेटिव्हवर चौकट दिसत नाही, मग धुणारा अंदाजाने कात्री चालवतो आणि आभाळाचे दोन तुकडे हातात येतात.